साथीचे प्रवास

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं साथीच्या रोगांवर मनापासून प्रेम करणारा माणूस कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि जिल्ह्याबाहेर झाला असेल असंही मला वाटत नाही. पटकी, देवी, विषमज्वर, त्यांना काहीही चालायचं. श्रीवर्धन तालुक्यात कुठे दोन-चार माणसं आडवी झाल्याची बातमी आली, की बोर्ली पंचतनातली बाकीची घरं दारं लावून घेत आणि आमचे हे काका माळ्यावरून ट्रंक खाली काढत. एरवी हा माणूस असा, की अलिबागला कोर्टात साक्ष द्यायला जायचं असलं तरी 'गाडीला फार गर्दी' म्हणून टाळता येईल तितकं टाळायचा. पण साथ आली की त्यांना काशी आठवे, नाशिक आठवे, कधी न पाहिलेलं ग्वाल्हेरसुद्धा आठवे. आमच्यापैकी कोणी कारण विचारलंच, तर ते एवढंच म्हणत, "जग घाबरलं की स्वस्त होतं," आणि अडकित्ता उचलून सुपारी कातरायला लागत. याचा अर्थ विषय संपला.

त्यांची बोर्लीला सुपारीची वाडी होती, खाऊनपिऊन बरं चाललं होतं. म्हणजे पैसे नव्हते म्हणून स्वस्ताई शोधत होते असं म्हणायलाही जागा नव्हती. एकदा पटकीच्या दिवसांत ते मावशीला घेऊन नाशिकला गेले, तर अख्ख्या धर्मशाळेत ही दोघंच. काकांनी सकाळी एका खोलीत चहा घेतला, दुपारी दुसऱ्या खोलीत वामकुक्षी केली आणि तिसरीत नुसतेच येरझारा घालून आले, कारण 'पुन्हा एवढ्या खोल्या कोण देतो?' घाटावर यजमान न मिळाल्याने हवालदिल झालेले भटजी त्यांच्यामागे धावत होते. काकांनी त्यातल्या एकाकडून बापजाद्यांचे राहिलेले सगळे विधी एका दिवसात उरकून घेतले आणि दक्षिणेत घासाघीसही केली. पुण्यात देवीची साथ होती तेव्हा ते संगीत नाटकाला गेले. थिएटरात सात माणसं होती, त्यांतली दोन म्हणजे ही दोघं. काकांनी नायकाकडून एकेक पद तीनतीनदा गाऊन घेतलं. शेवटी त्या नटाने गाता गाता यांच्याकडे बघून हात जोडले. काकांना वाटलं, तो नमस्कार करतोय. त्यांनीही केला.

खर्चाच्या बाबतीतही त्यांचं सगळं उलटं होतं. सुकाळात, निरोगी वर्षात, काका चपलेला अंगठा लावून घ्यायलासुद्धा आठवडाभर विचार करत. पण साथीत दुकानं ओस पडली, की यांचा हात सैल सुटे. मावशीची बरीचशी लुगडी कुठल्या ना कुठल्या रोगाच्या दिवसांत घेतलेली होती, आणि ती ओळखायचीही तशीच. 'हे पटकीचं,' 'हे देवीचं.' अशी ती माझ्या आईला घड्या उलगडून दाखवायची तेव्हा आई हसायची. मावशी हसत नसे. ती गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून, पदराने नाक झाकून नवऱ्यामागून हिंडायची, उकळलेलं पाणी सोडून दुसरं पाणी तोंडाला लावायची नाही आणि घरी परत आली की आठ दिवस कोणाशी नीट बोलायची नाही. काका स्वतः मात्र खिशात एक कांदा ठेवत. त्यांची औषधयोजना एवढीच. आणि खरं सांगायचं तर त्या दोघांच्या संसारात साथीने कधी कोणी अंथरूण धरलं नाही.

गावाने त्यांना कंजूष ठरवून टाकलं होतं. शेजारपाजारची माणसं तापाने फणफणत असताना हे जोडपं स्वस्तातली काशी करायला जातं, हे कोणाला आवडणार? मासळी घेऊन येणारी कोळीण मावशीच्या दाराला कुलूप बघून पुढच्या आळीत सांगत जायची, "काका निंगाले, म्हंजी जवल कुटंतरी साथ हाय बगा." त्यांच्या कुलपावरून माणसं पाणी उकळायला लागायची. सरकारी दवंडी नंतर यायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, पन्नास सालाच्या सुमारास मोंबासाला नोकरीला गेला. आमच्या भागातली बरीच माणसं तेव्हा आफ्रिकेत, बसऱ्याला, नाहीतर बोटींवर होती. त्यात विशेष काही नव्हतं. त्याने तिकडेच बिऱ्हाड केलं, बायकोला नेलं, मुलगा झाला. दरवर्षी त्याचं पत्र यायचं की दोघांनी या, नातवाला बघून जा, तिकिटांचे पैसे मी पाठवतो. दरवर्षी काका उत्तर लिहायचे की येतो, पण बोटीला सध्या गर्दी फार आहे. मावशीने त्या वर्षांत नातवासाठी किती झबली शिवली आणि ती लहान होत गेली म्हणून किती वाटून टाकली, ते तिलाच ठाऊक. ती नवऱ्याला काही म्हणायची नाही. माझ्या आईला मात्र एकदा म्हणाली, "गर्दी कमी होईपर्यंत नातवाला मिशा फुटतील."

मग सत्तावन्न साली तो फ्लू आला. एखाद्या तालुक्यापुरता नव्हे, सगळ्या जगाचा. चीन, सिंगापूर, मद्रास करत करत बोटींबरोबर बंदराबंदरांतून उतरत आला, आणि मी मुंबईत ज्या कचेरीत नोकरीला लागलो होतो तिथे एका आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. बोर्लीत त्या वर्षी वेगळाच परिणाम दिसला. आफ्रिकावाले सुट्टीला आलेच नाहीत. एरवी ही माणसं यायची तेव्हा बाजारात सोनाराला, शिंप्याला, वाजंत्रीवाल्यालाही उसंत मिळायची नाही. त्या वर्षी माणसांऐवजी नुसती पत्रं आली, की बोटीवर ताप आहे, यंदा राहू दे. जे आधीच येऊन राहिले होते ते परत जायला घाबरत होते. लग्नं पुढे गेली, सोनार दुकानाच्या पायरीवर बसून माश्या मारू लागला. आणि या सगळ्या सुतकी बाजारात एकटे आमचे काका खरेदी करत हिंडत होते. दोन नव्या ट्रंका, दोन छत्र्या, आणि पडून राहिला म्हणून निम्म्या किमतीत मिळालेला एक जाड लोकरी कोट. मोंबासाला उकाडा असतो, असं मुलाने सात वर्षं लिहिलं होतं. काका म्हणाले, "कोट स्वस्त आहे. हवेचं बघू."

मुलाचं पत्र आलं की या वर्षी येऊ नका, जिवाला धोका आहे. त्याच टपालाने काकांनी बोटीच्या एजंटाला लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं. बऱ्याच उतारूंनी बेत रद्द केले होते, आणि डेकच्या तिकिटावर थोडे पैसे वाढवले तर केबिन मिळत होती. काकांनी दोन्ही पत्रं मावशीपुढे ठेवली. मला वाटतं, तेवढ्या एका वेळी मावशीला साथीचा राग आला नाही. तिने नवी झबली शिवायला घेतली, मग नातू आता पाच वर्षांचा आहे हे आठवून सदरे बेतले.

नारळी पौर्णिमेनंतर लाँच सुरू झाल्या तशी दोघं दिघीहून मुंबईला माझ्या गिरगावातल्या खोलीवर आली. पासपोर्ट, टोचल्याचे दाखले, सगळं काकांनी महिनाभर आधी करून ठेवलं होतं. बोटीच्या दिवशी मी रजा घेतली आणि सामान घेऊन आम्ही धक्क्यावर गेलो. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी हमाल आपल्या हातगाड्यांवर पाय पसरून बसले होते. काका खुशीत होते. मला म्हणाले, "बघ, जणू आपल्यासाठीच सोडलीय बोट." उतारू कमी, त्यामुळे बंदरावरचा डॉक्टर एकेकाला खुर्चीत बसवून नीट तपासत होता. मावशीच्या तोंडातलं थर्मामीटर त्याने बघितलं आणि मान हलवली. मग काकांचं बघितलं, झटकून पुन्हा लावलं, पुन्हा बघितलं, आणि शांतपणे सांगितलं की यांना जाता येणार नाही. अंगात एकशे दोन ताप होता. सकाळपासून असणार. त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं.

काकांनी वाद घातला, खिशातला कांदासुद्धा दाखवला. डॉक्टर सज्जन होता, हसला नाही. उपयोग झाला नाही तो नाहीच. मावशीने आपली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली की मग मीही राहते, पुन्हा कधीतरी जाऊ. त्यावर काका तिच्यावर जे उखडले, तसं मी त्यांना त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही.

"राहून काय करणार आहेस?" ते म्हणाले. "तुझ्या बसण्याने माझा ताप उतरणार आहे? एक तिकीट फुकट गेलंच आहे. दोन तिकिटं पाण्यात टाकायला मी काय संस्थानिक आहे?"

हे त्यांनी हमालांसमोर, डॉक्टरसमोर, माझ्यासमोर म्हटलं. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. तिने बोर्लीच्या बाजारापलीकडे एकटीने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. तिने पिशवी उचलली, मला म्हणाली, "यांना भाताची पेज दे, नुसतं पाणी देऊ नको," आणि शिडी चढून बोटीवर गेली.

पाच-सहा दिवस ताप हटला नाही. मी आळीपाळीने कचेरी आणि काका सांभाळत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन बसलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं की बोट आता कुठवर गेली असेल. मी म्हटलं, बरीच लांब. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मी अजून रागात होतो. मी म्हटलं की मावशीला तुम्ही असं बोलायला नको होतं, तिकिटापायी बायकोला कोणी असं एकटं लोटत नाही.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते सलग नव्हतं, तापात होते, तुटक तुटक बोलत होते. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या साली असाच ताप सगळ्या जगात आला होता. काका तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. वडिलांनी दारंखिडक्या बंद केल्या, आत धुरी केली, सगळ्यांना सांगितलं की कोणी उंबरा ओलांडायचा नाही. हे पोरसवदा वयाचे, कोंडून राहून जीव गुदमरला, तिसऱ्या दिवशी परसातून पळून गेले आणि वाडीतल्या राखणीच्या माचीवर राहिले. शहाळी पिऊन आठ दिवस काढले. मार बसेल म्हणून घरी जायची भीती वाटत होती. नवव्या दिवशी गेले तेव्हा दारं उघडी होती. आई, वडील, दोन बहिणी, कोणी राहिलं नव्हतं. मारायला कोणी उरलं नव्हतं, असं त्यांनी म्हटलं.

"साथीत माणसाला रोग खात नाही," काका म्हणाले. "घर खातं. म्हणून मी तिला साथीत घरात ठेवत नाही."

डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी हे खोडून काढलं असतं. इतकी वर्षं आम्ही सगळे हसत आलो होतो, ते एकेक माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. थोड्या वेळाने मी विचारलं, हे मावशीला माहीत आहे का. नव्हतं. सासरची माणसं तापाने गेली, एवढंच तिला ठाऊक होतं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, मी तिला पत्रात कळवतो.

"कळवायचं नाही," ते म्हणाले. "तिला वाटेल, नवरा भित्रा आहे."

"आणि कंजूष वाटलेला चालतो?"

"कंजूष माणसाबरोबर बाई संसार करते. भित्र्याच्या भरवशावर कशी राहील?"

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, आणि मी दिला. आजाऱ्याला नाही म्हणवत नाही.

काका बरे झाले आणि एकटे बोर्लीला गेले. मावशी सुखरूप पोचल्याची तार आली, मागोमाग पत्र. सहा महिन्यांनी येते म्हणून गेलेली बाई सहा महिन्यांनी आली नाही. नातवाला गोवर निघाला, मग सुनेला दिवस गेले, मग बाळंतपण, मग त्या बाळाचे दात. कारणं सगळी खरी होती. तरी तिच्या पत्रांतून मला एक गोष्ट कळत होती, की धक्क्यावरचं ते वाक्य तिने बरोबर नेलं होतं. मी बोर्लीला गेलो की काका मला पत्रं वाचायला देत. घर लहान आहे, शेजारी गुजराती आहेत, सकाळसंध्याकाळ बायका येऊन बसतात, मला पत्ते खेळायला शिकवलं, असं लिहिलेलं असे. एकात शेवटी होतं, 'इथे माणसं फार. तुम्हाला आवडणार नाही.' काका ते वाचून हसले. मग त्यांनी कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

दुसऱ्या वर्षी ते मुंबईला आले आणि मला न सांगता बोटीच्या एजंटाकडे गेले. फ्लू ओसरला होता, लोक पुन्हा निघाले होते, तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली होती. संध्याकाळी खोलीवर येऊन ते म्हणाले की बोटी भरून चालल्यात, दर चढलेत, पुढच्या साथीला जाईन. मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, तुम्हाला पैशाची पडलेली नाही, आता हे माझ्यापुढे तरी म्हणू नका. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"तिने बोलावलेलं नाही," ते म्हणाले.

त्याच सुमाराला मावशीने माझ्या आईला लिहिलं होतं, 'त्यांनी परत ये असं एकदाही लिहिलं नाही, तिकिटाचा विचार करत असतील.' आईने ते पत्र मला वाचून दाखवलं. त्या दिवशी मी कागद घ्यायला हवा होता. मी मावशीला त्या दिवसांत दोन-तीन पत्रं लिहिली. त्यांत माझ्या बढतीची बातमी होती, आईच्या संधिवाताची होती. हे नव्हतं. मी शब्द दिला होता, हे एक. आणि दुसरं असं, की तेव्हा माझं लग्न ठरत होतं आणि मला वाटायचं, या दोघांजवळ भरपूर वेळ आहे.

साठ साल अगदी निरोगी गेलं. आमच्या तालुक्यात कसलीच साथ नव्हती. काका कुठे गेले नाहीत. भर उन्हाळ्यात एका दुपारी, सुपारी सोलायला आलेल्या बाईने त्यांना पाणी विचारायला हाक मारली तेव्हा ते ओटीवर भिंतीला टेकून बसलेले होते आणि बोलत नव्हते. गाव सगळं जमलं. ज्यांनी आयुष्यभर त्यांना कंजूष म्हटलं त्यांनीच सगळं केलं. मी पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. तार मीच केली.

मावशी मिळेल त्या बोटीने निघाली. मी तिला घ्यायला धक्क्यावर गेलो. बोट तुडुंब भरलेली होती. ती त्या लोंढ्यातून एकटी उतरली, हमालाशी हिंदीत दर ठरवला, कागद स्वतः काढून दाखवले. मला बघून रडली नाही. दोन दिवस माझ्याकडे राहिली, मग मी तिला लाँचने दिघीला घेऊन निघालो. मुरूड मागे पडल्यावर मी तिला ते सांगितलं. माचीवरचे आठ दिवस, उघडी दारं, सगळं. तीन वर्षं उशीर झाल्याची लाज वाटत होती, त्यामुळे मी भराभर सांगितलं आणि तिच्याकडे बघितलं नाही.

ती म्हणाली, "एकदा म्हणायचं होतं. मी हसले असते का?"

मी नाही म्हटलं.

"शिडी चढताना मी मागे वळून बघितलं नाही," ती म्हणाली. "मुद्दाम बघितलं नाही. म्हटलं, गेले असतील टांगा स्वस्तात ठरवायला."

तेव्हा मी तिला सांगितलं की ते कुठेही गेले नव्हते. बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्याच्या टोकाला उभे होते, दोन-अडीच तास. मी चला म्हणत होतो, ते हलत नव्हते.

मावशीने एकदम माझ्याकडे तोंड केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र रागाचा होता.

"अंगात एवढा ताप," ती म्हणाली, "आणि तू त्यांना उन्हात उभं राहू दिलंस?"